पाठांची जुळणी

वृद्ध भिक्खू उत्तिय थेरांनी पेजेला हातसुद्धा लावला नाही.

"भन्ते, घोटभर तरी घ्या. बुद्धांची सुत्तं काही पळून जात नाहीत," तिस्सा उपासिका म्हणाली.

"तेच तर आज बघायचंय, बाई."

मंडपात सगळ्यांत वडील महाथेर मधोमध बसले होते आणि समोर जंबुद्वीपातून परतलेले भिक्खू, चांगले अंगानं भरलेले. दुष्काळात ते समुद्रापार गेले. उत्तिय आणि त्यांचे सोबती मात्र लंकेतच राहिले, कमळाचे कंद उकडून खात. उभं राहायची ताकद संपली तेव्हा डोक्याला डोकी लावून वाळूत पडून राहिले, पण पाठ सोडला नाही. लिहिलेलं कुठंच काही नव्हतं. होतं ते सगळं तोंडात, आणि त्यातली बरीच तोंडं एकेक करून मिटली. आता उत्तियांच्या पाठात एखादं पद जरी गळालेलं निघालं, तरी गेलेल्यांचं ते सगळं झिजणं मातीमोल. या धास्तीनं म्हाताऱ्याची झोप उडाली होती.

"करायची सुरुवात?" पियदेव थेरांनी विचारलं. दोघं एकाच आचार्यांचे शिष्य, सोणुत्तरांचे; मंडपातल्या बहुतेकांचा पाठही त्यांच्याकडूनच आलेला. "आणि भूक लागली म्हणून मधलं काही गिळू नकोस हं."

"तू आपला परमुलखातला भात पचव आधी."

दोघांनी एका सुरात पाठ धरला. सुत्तामागून सुत्त सरकत गेलं. शब्दाला शब्द मिळत होता, तरी उत्तियांच्या वळलेल्या मुठी सुटेनात. एका लांबलचक सुत्तात, वाक्याच्या ऐन मधोमध, ते थांबले आणि दोनदा खाकरले.

पियदेवही थांबले होते. तेही दोनदा खाकरले.

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले.

"तुला सर्दी झालीय का रे?" उत्तियांनी विचारलं.

"छे. तुला?"

"मलाही नाही."

"अरे, हे आपल्या आचार्यांचं!" पियदेव ओरडलेच. "दमा नव्हता का त्यांना? या वाक्याला हटकून अडायचे!"

उत्तिय आधी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम. खोकलासुद्धा जिथं सांडला नाही, तिथं पद कुठलं सांडायला! त्यांच्या मुठी कधी सुटल्या ते त्यांनाही कळलं नाही. सगळा मंडप खदाखदा हसत होता.

महाथेरांनी हात वर केला. "पुरे. खोकला काही बुद्धवचन नव्हे. यापुढं तो गाळायचा. चला, सगळे मिळून, पहिल्यापासून."

इथले, तिथले, सगळे भिक्खू एका आवाजात म्हणू लागले. ते वाक्य आलं. सगळा मंडप अडला आणि दोनदा खाकरला.

सगळ्यांत मोठ्यानं महाथेर.