फीटेच्या गळ्यातली पाटी

जर्मनीत, ब्रेमेनच्या बागेत फीटेला फिरवायला नेलं, की दर दहा पावलांवर कुणीतरी थांबून विचारायचं, "वास फ्युर आइन हुंड? कसला कुत्रा हो हा?" नवरा गेल्यापासून सहा वर्षं मी तेच सांगत होते: मिश्र जात, नर, चावत नाही. सांगून सांगून जीव विटला.

शेवटी तेवढंच एका पाटीवर लिहिलं आणि पाटी फीटेच्या गळ्यात अडकवली. लोक वाचायचे, मान डोलवायचे आणि पुढे जायचे. पहिले दोन दिवस काय सुख वाटलं! तिसऱ्या आठवड्यात बेकरीत पाव मागायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. आदल्या दिवसापासून मी कुणाशी एक शब्दही बोलले नव्हते.

घरी येऊन पाटी उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'अस्सल डॅशहुंड'. डॅशहुंड म्हणजे जमिनीला पोट टेकेल इतका बुटका कुत्रा, आणि आमच्या फीटेचे पाय बगळ्यासारखे.

दुसऱ्या दिवशी बागेत सकाळी नऊच्या आत तिघांनी अडवलं. टोपीवाले आजोबा तर लालेलाल झाले. "अहो बाई, वास फ्युर आइन डॅशहुंड! हा कसला डॅशहुंड! आमच्या घरात तीन पिढ्या डॅशहुंड होते, मला शिकवता?"

 

"असं?" म्हणत मी शेजारच्या बाकावर बसले आणि जरा सरकून त्यांना जागा करून दिली. "मग सांगा बरं, अगदी पहिल्या पिढीपासून."