भरलेलं कपाट

खोटं वाटेल, पण विद्यापीठातल्या त्या कपाटातल्या पाव-बिस्किटांना माणसांची वाट बघून कंटाळा आला होता. आदिवासी आणि गरीब घरच्या मुलांसाठी कुलसचिवांनी ते वाजतगाजत मांडलं होतं. बिनखिडकीच्या बोळात काचेचं कपाट, वर कॅमेरा, झगझगीत ट्यूबलाइट आणि हातभर अक्षरांत पाटी: 'गरजूंसाठी मोफत'. त्याला कधी कुणी हात लावला नाही.

तपासणीला आलेल्या बाईंना त्यांनी तेच दाखवलं. दोन्ही बाजूंना मुलं रांगेत उभी केली होती.

"बघा मॅडम, कपाट तुडुंब! आमच्याकडे आता उपाशी कुणी उरलंच नाही. याला म्हणतात प्रगती!"

आणि लाइट गेले. भरदुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. "अरे, वायरमनला बोलवा!" कुलसचिवसाहेब ओरडत राहिले. बाकी चपलेचासुद्धा आवाज नाही.

लाइट आले तेव्हा कपाट धुतल्यासारखं लख्ख होतं. मुलं होती तिथेच, माना खाली, सॅका मात्र टम्म फुगलेल्या. बाईंना गुच्छ द्यायला उभी केलेली आदिवासी मुलगी गुच्छाखाली पाव लपवत होती. साहेबांशी नजरानजर होताच ती रडवेली झाली. "सर, परत ठेवते."

साहेबांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात वायरमन धापा टाकत आला. "फ्यूज उडाला होता साहेब. आता पुन्हा नाही जायचे लाइट."

"जायला हवेत रे," साहेब खाली बघत पुटपुटले. "रोज दुपारी."