ओवीचं कार्ड

नव्या घरात दूध उतू गेलं आणि निकेतने हौसेने "घर बदलणे" या कामावर पूर्णची खूण केली. भिंतीवरच्या पडद्यावरील यादीत त्याच्या आतली सगळी कामं आपोआप पूर्ण होऊन फिकी झाली. शेवटचं होतं, "ओवीला वाढवणे".

"अगं, हे इथे कसं?"

परवा ओवीला पाजता पाजता शाल्मलीने एका अंगठ्याने फोनवर कामांची कार्डं लावली होती.

"चुकून सरकलं रे. उघड ना परत!"

"पूर्ण झालेलं काम फक्त कामं नेमून देणारं केंद्रच उघडतं."

तेवढ्यात बेल वाजली. केंद्राची बाई दुपटं घेऊन दारात हसत उभी होती.

"अभिनंदन, ताई. तुमचं काम झालं. बाळ द्या."

ओवीने आईचा तोच अंगठा मुठीत घट्ट धरला होता.