टर्बोचं मीटर

"काका, या वयात रेस लावून राह्यले का? असलं मीटर तर पोरं बसवतेत," वडीगोद्रीच्या गॅरेजात सोमेश्वर हसत म्हणाला.

"बसव तू. चढाला टर्बोची शिट्टी वाजायची, आता ऐकूच येत न्हाई," कडूबा म्हणाले. "टर्बो गेला असंल तर काटा हलणार न्हाई." मग हळूच पुटपुटले, "गेलेलाच असू दे."

इंजिनाला जोर देणारी एवढी महागाची वस्तू गेलेली कुणाला हवी असते, हे सोमेश्वरला कळेना.

मीटर बसवून दोघं शहागडच्या रस्त्याला लागले. चढावर कडूबांनी पाय दाबला. काटा सरसर वर गेला.

"बिलकुल बराबर हाय, काका!" सोमेश्वर खुशीत ओरडला. "शिट्टी बघा, कशी वाजून राह्यली!"

कडूबांनी कान देऊन पाहिलं, मग गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, चावी त्याच्या हातात दिली आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.