अजून एक थर

"बाबा, अजून एक थर? मासे काय शिडी लावून बघायचे?" मी वैतागले. लेकीनं माशांचा हट्ट धरला, तेव्हा बाबाच म्हणाले होते, "बांधू तळं, पण जमिनीच्या वर." आता विटांची भिंत माझ्या कमरेला लागली होती. प्रत्येक थरानंतर ते नातीला भिंतीशी उभं करून बघत आणि पुन्हा थापी उचलत. "पोरं वाढतात," एवढंच म्हणत. माझा धाकटा भाऊ वाढलाच नाही. याच परसात जमिनीतल्या तळ्यात तो बुडाला, आणि बाबांनी एकट्यानं ते बुजवलं. मी विटा देत राहिले. मासे सोडले त्या सकाळी लेक टाचा उंचावून रडकुंडीला आली. बाबांनी स्वतःच स्टूल आणलं, तिला वर चढवलं. "आजोबा, मासे बघा ना!" "बघतोय," ते म्हणाले. त्यांची नजर तिच्या पायांवर होती आणि मुठीत तिचा फ्रॉक.