पाण्याच्या दिवशी गप्प

एरिकचं उत्तर आलंच नाही, तेव्हा विशाखानं फोन उशीखाली सारला आणि बाळाला दुसऱ्या कुशीवर घेतलं. बाहेर नळाला पाणी आलं होतं. गल्लीभर मोटारी घरघरत होत्या, आणि तिचा नवरा प्रणय पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून टाकीत पाइप सोडत होता.

विशाखाकडं एक चावी होती. कुलपाची नव्हे, कॉम्प्युटरवरची. वेबसाइट खरी की तोतया, हे तिच्या डिजिटल प्रमाणपत्रावरून कळतं. ते प्रमाणपत्र तपासणारा एक छोटासा प्रोग्राम ती सांभाळायची. प्रोग्राम फुकट आणि सगळ्यांना उघडा. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी; पण सुचवलेली ओळ आत घ्यायची की नाही, हे चावीवाल्यानं ठरवायचं. कुठकुठल्या दवाखान्यांत, पतपेढ्यांत तो चालतो, याचा तिलाही धड पत्ता नव्हता. मूळ लिहिणाऱ्यानं कंटाळून चावी तिच्या हाती दिली, तेव्हा तिला लेकरू नव्हतं. आता बाळ झोपलं की ती कोड तपासायला बसे, आणि बाळ उठलं की ओळ अर्धी राही.

नॉर्वेचा एरिक तिला बऱ्याच दिवसांपासून मदत करत होता. भेट कधी नाही, आवाज कधी ऐकला नाही, नुसतं लिहिणं. माणूस मोठा गोड. हल्ली म्हणू लागला होता, की तुझं लेकरू लहान आहे, चावी माझ्याकडं दे, मी बघतो सगळं.

प्रणयचंही तेच म्हणणं होतं. वाळूजच्या एका कारखान्यात तो मशिनींचे प्रोग्राम लिहायचा. कोड त्याला कळे, पण तिच्या कामात त्यानं कधी बोट घातलं नाही. हर्सूलचा तलाव तळाला गेलेला, नळ आठवड्यातून एकदा, तोही घटकाभर. पाण्याच्या दिवशी तो पाळी बदलून घरी राही आणि तेवढा वेळ त्याचे हात पाण्यातून निघत नसत. शेजारच्या बाया म्हणत, नवरा असावा तर असा.

मागं एकदा कुणा अनोळखी माणसानं ती चावी विकत मागितली होती. दोघं पोट धरून हसली होती. "सावंगीकडं फ्लॅट आला असता की," प्रणय म्हणाला होता. "चोवीस तास पाणी." शहर त्या अंगानं भराभर वाढत होतं. तिथल्या एका इमारतीची जाहिरात त्यानं कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली होती.

एरिकला चावी देऊन टाकायची, हे विशाखाच्या मनानं घेतलंच होतं. पण त्याच्या ताज्या दुरुस्तीत एक ओळ खटकली. प्रमाणपत्रावर सही कुणाची ते सापडलं नाही, तर प्रोग्रामनं तिथंच थांबायला हवं. ही ओळ मात्र गुपचूप 'खरं आहे' म्हणून पुढं सोडत होती. कुणाही तोतयाला दार उघडं. तिनं विचारलं, तर एरिकनं लगेच माफी मागितली, ओळ काढली, चूक झाली म्हणाला. चूक कुणाचीही होते. पण मुद्दाम केलं असेल तर चावी देणं म्हणजे चोराच्या हाती तिजोरी.

म्हणून तिनं त्याचे जुने निरोप पुन्हा वाचून काढले. एरवी लगोलग उत्तर देणारा हा माणूस काही दिवशी मधेच गप्प होई. ते दिवस तिनं मनाशी ताडून पाहिले. सगळे पाण्याचे.

पाणी भरून झाल्यावर तिनं प्रणयला सांगितलं. "हा नॉर्वेचा नाय. आपल्याच गल्लीतला आहे. नळ आला की याची बोलती बंद होते."

प्रणय हात पुसत राहिला. मग हसला. "गल्लीत कोड कुणाला येतो? समोरच्या रामप्रसादला?"

रामप्रसाद कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. तिच्या प्रोग्रामची चौकशी त्यानं दोनदा केली होती.

"मला तोच वाटतो," ती म्हणाली.

"असंल. पण पुराव्याबिगर बोलू नको कुणाला."

पुढच्या पाण्याच्या दिवशी तिनं पदर खोचला. "आज मी भरते. तुम्ही बाळाजवळ बसा."

"तुझी कंबर लई दुखती ना?"

"दुखू द्या. मला रामप्रसादचे हात बघायचेत."

प्रणयनं पाइप तिच्या हाती दिला आणि बाळाला घेऊन आत गेला.

पाणी आलं. समोर रामप्रसाद दोन्ही हातांनी पाइप दाबून ड्रम भरत होता, आणि त्याची बायको सांडलेल्या पाण्यावरून त्याचा उद्धार करत होती. विशाखानं एका हातानं फोनवर एरिकला विचारलं, आहेस का.

"आहे ना," उत्तर लगेच आलं. "इथं सकाळपासून पाऊस लागलाय."

तिनं वर पाहिलं. रामप्रसादचे हात ड्रममध्येच होते.

"काय वहिनी," तो म्हणाला, "आज साहेबांना सुट्टी व्हय?"

"बसवलंय पाळण्यापाशी."

तिला स्वतःचीच लाज वाटली. शेजाऱ्यावर घेतला तो घेतला, सातासमुद्रापलीकडच्या भल्या माणसावरही संशय घेतला. पाइप टाकीत अडकवून तिनं लिहिलं, "एरिक, माफ कर, तुझ्याबद्दल उगाच वाईट मनात आणलं. चावी तुलाच देते. आत्ताच पाठवू?"

आत बाळानं टाहो फोडला.

"एक मिनिट," एरिकनं लिहिलं.

पाळण्याची कडी करकरू लागली. प्रणय खालच्या आवाजात गुणगुणत होता. बाळ हुंदके देत देत निवलं. कडी थांबली.

तिच्या हातातला फोन थरथरला.

"आलो," एरिकनं लिहिलं होतं. "पाठव."