वाढत्या अंगाचं

ऑपरेशन थिएटरच्या दारावर लाल दिवा लागून चार तास झाले होते. आत सहा वर्षांच्या नातीचं हृदय उघडलं होतं, आणि बाहेर शिंपीआजोबांना एका जागी बसवत नव्हतं. ते पाणी पिऊन आले, खिडकी उघडून आले, कुणीतरी ती लावल्यावर पुन्हा उघडून आले. खिडकीने त्यांचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे.

"अहो, बसा की. मलाच गरगरायला लागलंय," आजी जपमाळ ओढता ओढता म्हणाल्या. "नातीसाठी तरी एकदा हात जोडा."

"हात रिकामे झाले की जोडतो," म्हणत त्यांनी पिशवीतून पिवळा फ्रॉक काढला. नातीने काल खाटेवर पडल्या पडल्याच माप दिलं होतं आणि दोन खिसे हवेत म्हणून बजावलं होतं. खिसे झाले होते. खालचा घेर दुमडायचा राहिला होता.

सुईत दोरा काही जाईना. तीनदा चुकला. शेजारी मुलगा मोबाइल उलटासुलटा करत बसला होता. दुकान सोडून नोकरी धरली तेव्हापासून, बारा वर्षांत, त्याने सुईला हात लावला नव्हता आणि बापाशी धड बोललाही नव्हता. त्याने सुई घेतली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका दमात ओवलं. आजोबांना फार बरं वाटलं. मुलाने फ्रॉक मांडीवर ओढला, दुसरी बाजू सुनेने धरली.

"बाबा, दुमड केवढी ही? चार बोटं?"

"वाढत्या अंगाचं आहे. दरवर्षी एकेक बोट सोडायचं."

मुलाचा हात थांबला. "डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस निघू दे. आणि तुम्ही चार वर्षांचं..." सुनेने तोंड फिरवलं.

"मला दुसरं शिवता येत नाही रे," आजोबा म्हणाले. "लहान पोरांचं असंच शिवतात."

दिवा लालच होता. आजींची माळ मध्येच थांबली. चाळीस वर्षं ज्याला नास्तिक म्हणून बोल लावले, त्या माणसाकडे त्या बघत राहिल्या. मग माळ पिशवीत टाकून त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि घेराची कड चिमटीत धरली.

"सहा बोटं घ्या," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरच्या मुली उंच होतात."